सहाशे साचे आणि डिचोलीचा एक दाखला

(काउंटरवर ठेवलेला जुना कागद, अगदी जवळून. बाहेर पाऊस.)

हा कागद गेली काही वर्षं माझ्या फायलीत आहे. व्याजाचा दाखला. वर पतसंस्थेचं नाव, खाली गावाचं. 'डिचोली' छापायचं होतं. पहिली वेलांटी ड च्या अलीकडे हवी, ती पलीकडे जाऊन च ला चिकटली आहे. 'व्याज' मधला व सुटा पडलाय, पायाशी हलन्ताची तिरकी रेघ घेऊन. 'संस्था' तर वाचवतच नाही.

आमच्याकडे गोव्यात बोलणं कोकणीतून आणि कागद मराठीतून, हे देवळापासून पतसंस्थेपर्यंत पुष्कळ ठिकाणी चालतं. हा दाखला न्यायला आलेल्या आजींनी तो चष्म्याजवळ धरला आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "बाय, हो गांव खंयचो गो?" हा गाव कुठला?

तो दाखला काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तो प्रश्न आजही माझ्या कानात आहे.

(संगणकाचा पडदा. 'डि' हे अक्षर, मग त्याचे दोन तुकडे.)

चूक कुठे होती? संगणक 'डि' साठवतो तेव्हा आधी ड, मग वेलांटी. युनिकोडची, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीची, रीत तशीच आहे, उच्चाराच्या क्रमाने. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल करणं, जोडाक्षरं जुळवणं, रफार डोक्यावर चढवणं हे एक स्वतंत्र काम आहे. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, अँड्रॉइड यांच्यात ते 'हार्फबझ' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. पीडीएफ बनवायला मी जी लहानशी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घेतली होती, तिला हे येतच नव्हतं. ती जुन्या छापखान्यासारखी एकापुढे एक खिळा ठेवत जायची. इंग्रजीचं तेवढ्यावर भागतं.

(राशोलची टेकडी. जुवारीचं पात्र.)

ही अडचण गोव्याला नवी नाही. भारतात छापखाना पहिल्यांदा आला तो गोव्यातच, १५५६ साली. १५७९ मध्ये इथे आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन. त्याआधी १६०८ च्या एका पत्रात त्यांनी आपल्या वरिष्ठांना कळवलं होतं की या भूमीच्या लिपीत पुस्तकं छापावीत ही त्यांची बऱ्याच वर्षांची इच्छा आहे. अडचण अक्षरं ओतायच्या साच्यांची होती. युरोपात चोवीस पुरतात, इथे सहाशे लागतील.

यंत्र दारात आलं होतं, अक्षरं आली नव्हती. त्या पत्राबद्दल वाचलं आणि मी फायलीतून हा दाखला बाहेर काढला.

(पतसंस्थेचा संगणक. शेजारी प्रिंटर.)

क्रोममध्ये अक्षरं नीट दिसतात, तर दाखले क्रोमकडूनच का बनवून घेऊ नयेत? २०१७ पासून क्रोम खिडकी न उघडता पडद्याआड चालवता येतं. पण हा संगणक चार जीबी मेमरीचा. शेकडो दाखले एकदम काढायला घेतले की पासबुक भरणंसुद्धा अडायचं. म्हणून कागद बनवायचं कामच दूरच्या सर्व्हरवर सोपवलं.

इथून दाखला जायचा नाही, फक्त मजकूर जायचा. सभासदाचं नाव, पॅन, आर्थिक वर्ष, रक्कम आणि दाखल्याचा कुठला साचा, म्हणजे कोरा नमुना, वापरायचा ते. तिकडे साचा तयार असायचा, त्यात मजकूर भरला जायचा, क्रोम पान मांडायचं आणि पीडीएफ परत यायची. अक्षरांचे आकार पीडीएफच्या आतच बसवलेले असतात, त्यामुळे आजींच्या नातवाच्या फोनवरही 'डिचोली' डिचोलीच दिसते.

(तारेवर पडलेली फांदी. काळोख.)

मग आला जून. फांदी पडून इंटरनेटची केबल तुटते, हे आमच्याकडे कोणाला सांगायला नको. एका दुपारी विनंती सर्व्हरला पोचली, कागद बनला, पण उत्तर परत येण्याआधी लाइन गेली. मुलीने पुन्हा बटण दाबलं. एकाच ठेवीचे दोन दाखले, दोन वेगवेगळे क्रमांक. हिशेब तपासनीसाने ते पकडले.

आता दाखला क्रमांक इथेच ठरतो आणि विनंतीसोबत जातो. कागद हाती येईपर्यंत तीच विनंती दहा वेळा गेली तरी सर्व्हर ती ओळखतो आणि पहिलाच कागद परत देतो. लाइन नसेल तर काम यादीत थांबतं. प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो.

(रात्र. पडद्यावर फायलींची लांबलचक यादी, नावं पुसट केलेली.)

पण माझी झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीने. सुरुवातीला मी एक तयार सेवा घेतली होती. स्वस्त होती आणि काम चोख करायची. एका रात्री बिल तपासताना तिथलं एक पान उघडलं. आमचे सगळे दाखले तिथे जसेच्या तसे पडून होते. नाव, पॅन, ठेवीची रक्कम. ज्याच्या हाती लिंक लागेल त्याला उघडता यावेत असे. मी फक्त कागद बनवून मागितला होता, तो सांभाळून ठेवा असं कोणाला म्हटलं नव्हतं. आणि ठेवू नका, असंही म्हटलं नव्हतं.

विश्वासाने पैसे ठेवलेली ही माणसं. कोणी काजूच्या हंगामातले, कोणी खाण बंद झाल्यावर हाती आलेले. त्यांच्यातल्या एकालाही आम्ही विचारलं नव्हतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच. कायदा नसता तरी ती आमचीच होती.

दुसऱ्याच दिवशी ते दाखले पुसून घेतले. मग भाड्याने एक लहान सर्व्हर घेतला आणि त्यावर 'गोटेनबर्ग' हे मुक्त सॉफ्टवेअर बसवलं. तेही पोटात क्रोमच चालवतं. साचा आता इथेच, पतसंस्थेत भरला जातो. तिकडे जातं ते भरलेलं पान, खाते क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे ठेवून. पीडीएफ हाती आली की तिकडे काही उरत नाही. देखभाल मलाच करावी लागते, कधी रात्री उठूनही. ती मी आनंदाने करतो.

(जुलै. काउंटर. पडद्यावर 'प्रलंबित: ११'.)

आज सकाळपासून लाइन नाही. प्राप्तिकराच्या विवरणपत्रांची घाई आहे, बाकावर माणसं बसून आहेत, छत्र्यांचं पाणी दारापर्यंत आलंय. पावणेबाराला राउटरचा हिरवा दिवा लागतो. अकरा, दहा, नऊ. प्रिंटर कागद ओढायला लागतो.

तिसरा दाखला आजींचा. त्या तो चष्म्याजवळ नेतात. बोट गावाच्या नावावरून न थांबता पुढे जातं, रकमेपाशी येऊन टेकतं.

"बाय, व्याज इतलेंच?"