पन्नास नंबरची एरर

[दृश्य : कोल्हापूर, भाऊसिंगजी रोड, सकाळ. शटर वर जातात. झेरॉक्सच्या दुकानासमोर फायली घेतलेली माणसं.]

सकाळी दहाच्या सुमाराला या रस्त्यावर सगळ्यात घाईत कोण असेल, तर वकिलांचे कारकून. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम इथल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सहा जिल्ह्यांचे कागद आता इथं येतात. कागद आले की प्रिंट आली, झेरॉक्स आली, स्टेपलर आला.

आणि नेमक्या याच वेळेला एका टायपिंगच्या दुकानातला जुना लेझर प्रिंटर अडून बसतो. बारक्या पडद्यावर आकडा येतो : 50.

[दृश्य : मालकीणबाई प्रिंटरचं बटण दाबतात.]

"मी बंद करतो, जरा वेळ थांबतो, परत चालू करतो. मग दिवसभर काय नाही बघा त्याला. उद्या सकाळी परत हाय."

खरं तर निम्मं निदान या बोलण्यातच आहे. पण आधी आलेल्या कारागिरानं आकडा तेवढा वाचला, फ्यूजर, म्हणजे टोनरची भुकटी तापवून कागदावर पक्की बसवणारा भाग, बदलला आणि बिल दिलं. आठवडाभरात 50 परत हजर.

[दृश्य : उघडलेला फ्यूजर, जवळून. काळसर फिल्म, खाली रबरी रोलर.]

जुन्या लेझर प्रिंटरांच्या एका मोठ्या घराण्यात 50 म्हणजे फ्यूजर, 51 म्हणजे लेझरचा किरण, 13 म्हणजे कागद अडकला. पाठ करायला सोपं, आणि तिथंच माणूस फसतो. प्रिंटरला बिघडलेला भाग दिसत नाही, त्याला फक्त सेन्सर दिसतो. फ्यूजरमध्ये हीटर असतो, त्याला चिकटून तापमान मोजणारा थर्मिस्टर. टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची भुकटी. ती कागदात वितळून बसायला दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते. ठरलेल्या वेळात तेवढा ताप चढला नाही, की प्रिंटर हीटरची वीज तोडतो आणि 50 दाखवतो. आग लागू नये म्हणून केलेली सोय आहे ही. ताप का चढला नाही, हे मात्र तो सांगत नाही. हीटर गेला असेल, थर्मिस्टरवर काजळी बसली असेल, कनेक्टर सैल असेल, पॉवर सप्लायचं कार्ड थकलं असेल. किंवा भिंतीतून येणारी वीजच कमी पडत असेल.

[दृश्य : शाहूपुरीतलं दुरुस्तीचं दुकान. सगळे प्रिंटर उंच फळ्यांवर.]

मालकीणबाईंनी मग प्रिंटर इथं आणला. शाहूपुरीतल्या या दुकानात जमिनीवर काहीच ठेवत नाहीत. 2019 आणि 2021 च्या पुरानं लावलेली सवय. इथले मामा आधी पेचकस हातात घेत नाहीत, प्रश्न विचारतात. एरर गार मशीनवर येते, का तापल्यावर? कागद कुठला घालता? शेजारी काय काय चालू असतं?

मग एक जुनी युक्ती. पान निम्मं आत गेलं की झाकण उघडायचं. मशीन जागच्या जागी थांबतं.

[दृश्य : अर्धवट बाहेर काढलेलं पान. मामांचं बोट अक्षरांवरून फिरतं, अक्षरं पुसली जातात, बोट काळं होतं.]

फ्यूजरपर्यंत न पोचलेली अक्षरं अशी बोटानं निघतात. ड्रमवरून, म्हणजे अक्षरं आधी उमटतात त्या नळकांड्यावरून, कागदावर आलेली अक्षरं इथं ठसठशीत आहेत, म्हणजे लेझर, ड्रम, कार्ट्रिज ठीक. जे काही आहे ते पुढंच. डाग ठरावीक अंतरानं उमटत असते, तर मामांनी पट्टी काढली असती. या बारक्या कार्ट्रिजच्या ड्रमचा घेर साधारण 75 मिलिमीटर, म्हणून दर 75 मिलिमीटरला डाग म्हणजे ड्रमवर ओरखडा. निदानासाठी इतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही.

जाता जाता 79 चं सांगायला हवं. या घराण्यात तो आकडा आला की लोक लॉजिक कार्ड, म्हणजे प्रिंटरचा मेंदूच, गेलं म्हणून हाय खातात. आधी यूएसबी किंवा नेटवर्कची वायर काढा आणि मशीन परत चालू करा. एरर गेली, तर बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरच्या रांगेत अडकलेल्या एखाद्या फाइलचा असतो. ती फाइल काढून टाकायची. कार्डाचे हजारो रुपये वाचतात.

[दृश्य : प्रिंटर धडाधड पानं टाकतोय. मामा डोकं खाजवतात.]

आता गंमत बघा. शाहूपुरीच्या टेबलावर प्रिंटर सुतासारखा सरळ. गार असताना लावा, रात्रभर बंद ठेवून लावा, 50 येतच नाही. असं झालं की बरेच कारागीर "ठीक आहे, घेऊन जा" म्हणतात. मामा पिशवीत मल्टीमीटर टाकतात आणि मोटरसायकलला किक मारतात.

[दृश्य : टायपिंगचं दुकान. काउंटरखाली वाकलेले मामा.]

काउंटरखाली एक एक्स्टेन्शन बोर्ड. त्यावर कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मोठं झेरॉक्स मशीन. सकाळी शटर उघडलं की तिन्ही एकदम चालू. झेरॉक्सचा फ्यूजर आणि प्रिंटरचा फ्यूजर, दोघांना एकाच वेळी तापायचंय आणि वीज येणार एकाच वायरनं.

मीटरची टोकं बोर्डाच्या सॉकेटला लागतात. 226 व्होल्ट. झेरॉक्स चालू केल्यावर 209. मग प्रिंटर. आकडा घसरत 180 च्या खाली जातो, प्रिंटर घरघरतो, थांबतो. 50.

"आता कसं," मामा म्हणतात.

[दृश्य : उपसलेला प्लग. एका पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी, कडेला फुगलेलं.]

बोर्डातली पितळी पकड सैल झालीय. जिथं पकड सैल, तिथं वीज अडते आणि पिन तापते. जरा वेळानं प्रिंटर चालायचा, कारण तोवर झेरॉक्स तापून झालेलं असायचं आणि त्याची ओढ कमी व्हायची. बंद-चालू करण्यात काही जादू नव्हती, तेवढा वेळ जात होता इतकंच. लेझर प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, असं कंपन्या माहितीपुस्तकात छापतात. ते पुस्तक कोण वाचतंय म्हणा!

वायरमनला बोलावून प्रिंटरसाठी भिंतीत वेगळा सॉकेट घेतला. जळका बोर्ड कचऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोन्ही मशीनं एकदम चालू केली, कारकुनांची रांग लागली, पानं पडत राहिली.

[दृश्य : मालकीणबाई पैसे मोजतात.]

"मग तो जुना फ्यूजर बिघडला नव्हता?"

"कुठाय तो? मीटर लावून बघतो."

"भंगारात दिला की."

मामा पिशवीची चेन लावतात. प्रिंटर अजून मधूनच दोन पानं एकदम ओढतोय, पिकअप रोलर गुळगुळीत झालाय. तो रोलर शाहूपुरीत मिळतो, पण आज नाही. आज अमावस्या, सुट्या भागांचं दुकान बंद आहे.