कार्यालयाची इमारत आणि पुण्याचे ऊन

मित्रहो,

पर्यावरणस्नेही कार्यालय बांधायचे ठरवून मालक वास्तुरचनाकाराकडे येतात, तेव्हा बोलणे बहुधा यंत्रांपासून सुरू होते. सौर पॅनेल किती किलोवॅटचे लावायचे, एसी कोणते घ्यायचे, हरित इमारतीचे मानांकन गोल्डचे मिळेल की प्लॅटिनमचे, असे प्रश्न विचारले जातात. हे प्रश्न गैर नाहीत, पण ते फार उशिराचे आहेत. इमारत प्लॉटवर कशी बसणार, तिची रुंदी किती असणार आणि तिच्या खिडक्यांवर सावली पडणार की नाही, हे कागदावर ठरते त्याच वेळी ती आयुष्यभर किती वीज खाणार याचा बराचसा निकाल लागलेला असतो. आज मी मुख्यतः त्या पहिल्या रेघांविषयी बोलणार आहे, आणि पुण्याच्या हवेला धरून बोलणार आहे. कारण जागा बाजूला ठेवून या विषयावर बोलणे व्यर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य इथे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, नंतर उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. याचा अर्थ असा की त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. उलट उत्तरेची भिंत सकाळ-संध्याकाळ तिरप्या उन्हात असते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि खिडकीतून सरळ आत येतो. हे ऊन अडवणे सोपे आहे, कारण ते वरून येते आणि खिडकीवरचा पुरेसा खोल आडवा छज्जा ते थोपवतो. खरी अडचण पश्चिमेची आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर सूर्य खाली उतरलेला असतो, दिवसभरात हवाही तापलेली असते, आणि छज्जाच्या खालून ऊन थेट टेबलांवर येते. तिथे दोन फुटांचा छज्जा काहीच करू शकत नाही. तिथे उभे पडदे, जाळी, लूव्हर म्हणजे तिरप्या पट्ट्यांची चौकट, किंवा सरळ भरीव भिंत लागते. म्हणूनच कार्यालयाच्या लांब भिंतींची तोंडे उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद भिंतींची पूर्व-पश्चिमेला ठेवावीत, आणि जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे, सामानाच्या खोल्या पश्चिमेला लावून त्यांनाच उन्हाचा मारा झेलू द्यावा, हे वास्तुरचनेच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. यासाठी जादा पैसे लागत नाहीत.

तरीही हे होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेतले पाहिजे. रस्ता पश्चिमेला असला की मालकाला दर्शनी भाग पश्चिमेलाच हवा असतो, आणि दर्शनी भाग म्हणजे काच, असे समीकरण गेल्या तीस वर्षांत आपल्या शहरांत रूढ झाले आहे. साधी पारदर्शक काच तिच्यावर पडणाऱ्या सौर उष्णतेपैकी सुमारे चार पंचमांश आत सोडते. आत आलेली उष्णता फर्निचर, फरशी आणि माणसे शोषून घेतात, आणि ती बाहेर काढण्यासाठी आपण वीज जाळतो. त्याच वेळी चकाकी सहन होत नाही म्हणून आतले ब्लाइंड खाली ओढले जातात आणि भरदुपारी दिवे लावले जातात. ही इमारत उष्णतेचेही पैसे देते आणि प्रकाशाचेही. इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे: आतला ब्लाइंड चकाकी अडवतो, उष्णता फारशी अडवत नाही, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेले असते. सावली काचेच्या बाहेर हवी. आपल्या केंद्र सरकारच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २०१७ च्या आवृत्तीत भिंतीच्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त काच नको, अशी मर्यादा घातली आहे. मला विचाराल तर पुण्यात २५ ते ३० टक्के काच नीट जागी बसवली तर प्रकाशाची कमतरता पडत नाही.

प्रकाश किती आत जातो याचा ढोबळ ठोकताळा असा, की खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दोन ते अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोहोचतो. माथा अडीच मीटरवर असेल तर साधारण सहा मीटर. दोन्ही बाजूंनी खिडक्या आणि मध्ये येण्याजाण्याची वाट धरली, तर मजल्याची रुंदी चौदा-पंधरा मीटरपर्यंत ठेवता येते. आज भाड्याने देण्यासाठी बांधले जाणारे मजले तीस-चाळीस मीटर रुंद असतात. त्यांच्या मध्यभागी बसणाऱ्या माणसाला बाहेर पाऊस पडतो आहे की ऊन, हे संध्याकाळी घरी निघताना कळते. मला यातली वीज तर खटकतेच, पण दिवसाचे आठ-नऊ तास माणसाला आकाशापासून तोडणे हे त्याहून अधिक खटकते. जमीन महाग आहे, चटईक्षेत्र पुरेपूर वापरायचे आहे, हे मान्य. पण रुंद मजल्याच्या पोटात एक चौक कापला तर तेच क्षेत्रफळ चारही बाजूंनी उजेडात आणता येते. पुण्याच्या वाड्यांनी हेच केले होते. रस्त्याकडे जवळजवळ बंद भिंत आणि आत चौकाकडे उघडणारे सोपे, ही रचना दाट पेठांमध्ये हवा आणि उजेड दोन्ही पुरवत होती.

हडपसरच्या 'वन अर्थ' या सुझलॉनच्या मुख्यालयात या विचाराचे आधुनिक रूप पाहायला मिळते. अमेरिकेत जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी तिथे उंच मनोरा न उभारता कमी उंचीच्या इमारती चौकांभोवती पसरवल्या, आणि दर्शनी काचेपुढे अ‍ॅल्युमिनियमच्या लूव्हरची दुसरी त्वचा उभी केली. त्या परिसरात पवनचक्क्या आणि सौर पॅनेल आहेत, प्लॅटिनम मानांकनही आहे. तरी तरुण वास्तुरचनाकारांनी तिथे जाऊन पाहावे ते चौक, त्या लूव्हरची सावली आणि आतल्या टेबलांवर पडणारा मवाळ उजेड, असे मी आवर्जून सांगतो.

आता थंडाव्याकडे येऊ. पुण्याला निसर्गाने एक मोठी देणगी दिली आहे, ती म्हणजे रात्रीचा गारवा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पारा ३६-३८ अंशांवर गेला तरी पहाटे तो १७ ते २१ च्या आसपास उतरतो. दिवस आणि रात्र यांत पंधरा-सोळा अंशांचा फरक असेल, तर जाड भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब रात्रीच्या हवेने गार करून ठेवता येतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच स्लॅब खोलीतली उष्णता शोषत राहतो. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात मिक पिअर्स यांनी १९९६ मध्ये पूर्ण केलेली ईस्टगेट ही कार्यालयांची आणि दुकानांची इमारत याच तत्त्वावर चालते. नेहमीचे वातानुकूलन तिथे नाही. रात्री पंखे गार हवा मजल्यांखालच्या पोकळ्यांतून खेळवतात, दिवसा तीच थंडाई हळूहळू वापरली जाते, आणि तापलेली हवा छपरावरच्या धुराड्यांतून निघून जाते. वाळवीच्या वारुळावरून ही कल्पना सुचली, असे तिच्याविषयी नेहमी सांगितले जाते. पुढे २००८ मध्ये स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या संशोधकांनी दाखवून दिले की वारुळातली हवा प्रत्यक्षात तशी खेळत नाही. पण इमारत चालते, कारण हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या रात्री गार असतात. श्रेय त्या जागेच्या हवेचे आहे आणि ती ओळखणाऱ्या रचनाकाराचे आहे.

हीच इमारत उचलून मुंबईत आणली तर मे महिन्यात ती निकामी ठरेल. तिथे दुपारी ३३ आणि पहाटे २७ अंश असतात, हवेत दमटपणा भरलेला असतो. रात्रीच्या हवेने गार करण्याजोगे काही उरतच नाही. मुंबईला समोरासमोरच्या खिडक्या, भरपूर सावली, पंखे आणि हवेतला ओलावा काढण्याची यंत्रणा लागेल. न्यूयॉर्कच्या काचेच्या मनोऱ्याची नक्कल जितकी चूक, तितकीच दुसऱ्या हवामानातल्या हरित इमारतीची नक्कल चूक आहे.

पुण्यात रात्रीचा गारवा वापरायचा तर दोन गोष्टी आड येतात. रात्री कार्यालयाच्या खिडक्या कोण उघड्या ठेवील? चोर, डास, धूळ आणि अवकाळी पाऊस यांची भीती रास्त आहे. म्हणून खिडकीच्या वर जाळी आणि गज असलेल्या, पाऊस आत न येणाऱ्या स्वतंत्र झडपा पहिल्यापासून आखाव्या लागतात. दुसरी आडकाठी फॉल्स सीलिंगची. स्लॅबने उष्णता शोषायची असेल तर तो खोलीला दिसला पाहिजे. आपण त्याच्याखाली जिप्समचे छत लावून तो झाकून टाकतो. उघड्या स्लॅबखाली आवाज घुमतो, ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर टांगलेल्या ध्वनिशोषक पट्ट्यांचा उपाय आहे.

एवढे करूनही मे महिन्यात आणि संगणकांनी भरलेल्या खोल्यांत यंत्रांचा थंडावा लागणारच. तिथेही निवड करता येते. इन्फोसिसने हैदराबादमध्ये २०११ च्या सुमारास एक इमारत दोन सारख्या भागांत बांधली. एका भागात उत्तम दर्जाचे नेहमीचे वातानुकूलन बसवले, आणि दुसऱ्या भागात स्लॅबमध्ये नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवले. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली, आणि उभारणीचा खर्चही वाढला नाही. कारण साधे आहे: एक घनमीटर पाणी तेवढ्याच हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजारपट उष्णता वाहून नेते, त्यामुळे हवा वाहून नेणारे मोठे डक्ट आणि मोठे पंखे लागत नाहीत. या पद्धतीत आतली हवा कोरडी ठेवावी लागते, नाहीतर गार छतावर दव जमते. पण या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंना मीटर लावून मोजणी केली गेली.

लहान कार्यालयांना एवढे करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी छताचे पंखे परत आणावेत. पंख्याच्या वाऱ्याने माणसाला दोन-तीन अंश गार वाटते, म्हणजे एसी २२ ऐवजी २५-२६ वर चालू शकतो, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सांगण्यानुसार दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. नवे ब्रशलेस मोटरचे पंखे तीसेक वॅटवर चालतात. गच्चीवर चायना मोझॅकचा, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा, पांढरा थर द्यावा आणि त्याखाली इन्सुलेशन घालावे. वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांना त्याचा फरक पहिल्याच उन्हाळ्यात जाणवतो.

दिल्लीतल्या जोरबागेतल्या इंदिरा पर्यावरण भवनाचे, म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या कार्यालयाचे, उद्घाटन २०१४ मध्ये झाले. वर्षभरात वापरते तेवढी वीज स्वतः निर्माण करायची, असे त्याचे उद्दिष्ट होते, आणि त्यासाठी त्याच्या छपरावर ९३० किलोवॅटची सौर पॅनेल आहेत. छायाचित्रांत ती पॅनेल डोळ्यांत भरतात. पण दिशा, मधला मोकळा चौक, नैसर्गिक उजेड आणि काटकसरी वातानुकूलन यांनी गरज आधी खाली आणली नसती, तर तेवढी पॅनेल पुरली नसती. छप्पर मर्यादितच असते.

सामग्रीविषयी थोडक्यात सांगतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, आणि इमारत वापरात येण्यापूर्वीच हे उत्सर्जन होऊन गेलेले असते. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथल्या औष्णिक केंद्रांतून राख मुबलक निघते. तिच्या विटा आणि राखमिश्रित सिमेंट सहज मिळते. तरीही सर्वांत कमी सिमेंट लागते ते उभी असलेली इमारत न पाडता सुधारली तर. जुनी कार्यालये पाडून त्या जागी हरित मानांकनाचे मनोरे उभारण्याच्या प्रस्तावांकडे मी संशयानेच पाहतो.

पाण्याबाबत मात्र हिशेब मांडूनच बोलावे. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर तो सात लाख लिटर होतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कार्यालयात माणशी रोज ४५ लिटर धरले, तर तीनशे माणसांना वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत जवळपास ३४ लाख लिटर लागतात. म्हणजे पावसाचा थेंब न थेंब साठवला तरी पाचवा हिस्सा भागेल. त्यातच आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. भेगा कुठे आहेत हे भूजलतज्ज्ञाकडून तपासून न घेता खणलेला पुनर्भरणाचा खड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. ४५ लिटरांतले सुमारे २० लिटर फ्लशमध्ये जातात. हात धुतलेले पाणी कर्दळ, नागरमोथा यांच्या वाफ्यातून शुद्ध करून तिथे वापरणे हा पावसाइतकाच मोठा, आणि बाराही महिने वाहणारा स्रोत आहे.

शेवटचा मुद्दा ताबा मिळाल्यानंतरचा. मानांकन बहुधा नकाशे आणि संगणकीय अंदाज यांवर मिळते. इमारत मात्र देखभाल करणारे कर्मचारी चालवतात. रात्रीच्या झडपा कधी उघडायच्या, वाफा कधी साफ करायचा, हे त्यांना मराठीत लिहून आणि प्रत्यक्ष दाखवून दिले नाही, तर वर्षभरात सगळे बंद पडते आणि एसी वीस अंशांवर जातो. म्हणून माझा आग्रह असा, की दिवे, एसी आणि संगणक यांचे मीटर वेगवेगळे असावेत, दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट लागले हा आकडा प्रवेशद्वाराशी लावावा, आणि वास्तुरचनाकाराच्या शुल्काचा काही भाग दोन उन्हाळे उलटून तो आकडा हाती येईपर्यंत मालकाने राखून ठेवावा. माझ्या व्यवसायबंधूंना ही सूचना आवडणार नाही, हे मी जाणतो. तरीही पुढच्या करारांत हे कलम घालण्याची विनंती मी इथे बसलेल्या मालकांना करतो.