दहा फुटांवरची रिंग

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर. त्या खेळावरचा सिनेमा या दहा फुटांचं काय करतो, ते पाहिलं की त्याची जात कळते.

१९९६ चा ‘स्पेस जॅम’ घ्या, कार्टून आणि खरी माणसं एकत्र. शेवटच्या सेकंदांत बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन झेप घेतो, त्याचा हात रबरासारखा लांबत जातो आणि अर्ध्या कोर्टावरून डंक, म्हणजे बॉल हातानं थेट रिंगमध्ये कोंबणं! खेळाचा एक नियम माहीत नसलेलं पोरगंही टाळ्या पिटतं. जगभरात वीस कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला, तो उगाच नाही.

आता त्याच्या दहा वर्षं आधीचा ‘हूजियर्स’. इंडियानातल्या खेड्यातली पोरं राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी एका अवाढव्य हॉलमध्ये शिरतात आणि बघतच राहतात. कोच झालेला जीन हॅकमन भाषण ठोकत नाही. टेप काढायला लावतो. बॅकबोर्डपासून, म्हणजे रिंगमागच्या फळीपासून, फ्री थ्रोची रेघ (फाउलनंतर मिळालेला मोकळा बॉल जिथून टाकायचा ती), पंधरा फूट. मग एका बुटक्या पोराला दुसऱ्याच्या खांद्यावर चढवून रिंग मोजायची. दहा फूट. गावातल्या जिममध्ये आहे तेवढीच! पोरांचे खांदे सैल पडतात. माझ्या मते सामना तिथंच जिंकला; पुढचं नुसतं स्कोअरबोर्डचं काम.

म्हणून हसवणारे सिनेमे पोरांचे आणि गंभीर जाणत्यांचे, अशी वाटणी करायला जावं, तर १९९२ चा ‘व्हाइट मेन कान्ट जंप’ आडवा येतो. लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीचवर पैजा लावून खेळणारे दोघे, खेळापेक्षा तोंडच जास्त चालतं. आपण डंक मारू शकतो, यावर वूडी हॅरलसनचं पात्र जिंकलेले पैसे लावतं. तीन संधी. तिन्ही फुकट. आपण खो खो हसतो, आणि हसता हसताच लक्षात येतं की हा घरी काय सांगणार आहे?

‘हूप ड्रीम्स’ला अमेरिकेत तिकीटबारीवर जेमतेम ७८ लाख डॉलर मिळाले. जवळजवळ तीन तासांचा माहितीपट, १९९४ चा. ऑस्करच्या माहितीपट विभागात नामांकनसुद्धा नाही. त्यावरून बोंब झाली ती वेगळीच. शिकागोतल्या दोन पोरांच्या मागे कॅमेरा वर्षानुवर्षं फिरला. त्यातला एक, विल्यम गेट्स, ऐन मोक्याला फ्री थ्रोच्या रेघेवर उभा राहतो. तेच पंधरा फूट, तेच दहा फूट. बॉल जात नाही.

रीटेक घ्यायची सोय नसते.