जंगलतोडीनंतर उरलेले लाकूड

मित्रहो,

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, टोमालेस खाडीच्या टोकाशी, पॉइंट रेयिस स्टेशन नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे २०२१ मध्ये ‘ब्लंक स्पेस’ नावाची एक गॅलरी सुरू झाली. जे. बी. ब्लंक या शिल्पकार-कारागिराचे काम आणि त्या कामाशी नाते सांगणाऱ्या इतर कलाकारांच्या वस्तू तेथे मांडल्या जातात. गॅलरी नवी असली तरी तिचा इतिहास बराच जुना आहे, आणि तो समजून घ्यायचा तर ‘ही वस्तू कोणी केली’ याच्या जोडीने ‘हे लाकूड कोठून आले’ असेही विचारावे लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे की, रेडवूडचे आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडाचे हे जे हस्तनिर्मित फर्निचर आज आपण कलादालनांत पाहतो, ते लाकूड-उद्योगाने टाकून दिलेल्या मालातून जन्माला आले. आणि त्या टाकाऊ मालाला किंमत आल्याबरोबर या कारागिरीचे स्वरूप आणि तिचे नैतिक गणितही बदलले.

प्रथम झाडाविषयी बोलू. किनारी रेडवूड हा उत्तर कॅलिफोर्नियाच्या धुक्याच्या पट्ट्यात आणि ऑरेगनच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात वाढणारा वृक्ष. आज जगातले सर्वांत उंच ज्ञात झाड याच जातीचे असून त्याची उंची ११५ मीटरहून अधिक आहे. लाकूड वजनाला हलके, कापायला मऊ. पण त्याच्या तांबूस गाभ्यातील टॅनिन आणि इतर द्रव्यांमुळे ते सहजासहजी कुजत नाही आणि वाळवीलाही फारसे दाद देत नाही. क्लॅमथ नदीकाठच्या युरोक लोकांना हे गुण युरोपीय वसाहतवाल्यांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. ते रेडवूडच्या फळ्यांची घरे बांधत, एकाच ओंडक्यातून आगीच्या आणि तासणीच्या साहाय्याने होड्या कोरत, आणि बसण्यासाठी बैठी गोल स्टुलेही त्याच लाकडातून घडवत. यासाठी ते बरेचदा आपोआप पडलेले किंवा पुरात वाहून आलेले खोड वापरत. म्हणजे ‘वाहून आलेल्या लाकडाचे फर्निचर’ ही १९६० च्या दशकातील हिप्पींची कल्पना होती हा जो समज आहे, तो निदान या किनाऱ्यापुरता तरी टिकत नाही.

१८४९ च्या सुवर्णज्वरानंतर शहरे वाढली आणि रेडवूडची तोड सुरू झाली. घरांच्या भिंती, छपराच्या पट्ट्या, रेल्वेचे स्लीपर, पाण्याच्या टाक्या, द्राक्षवेलींचे खांब, मद्याची पिंपे या सगळ्यांसाठी हेच लाकूड लागे; १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाल्यावर शहर पुन्हा उभारतानाही ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. मूळचे सुमारे २० लाख एकर पसरलेले पुरातन रेडवूडचे जंगल आज जेमतेम पाच टक्के उरले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तोडीचे तंत्र. रेडवूडचा बुंधा जमिनीलगत फुगलेला असतो आणि तेथील लाकडाच्या रेषा पिळवटलेल्या असतात. सरळ फळी हवी असलेल्या गिरणीला त्याचा उपयोग नसे. म्हणून तोडणारे खोडाला खाचा पाडून त्यांत फळ्या रोवत आणि त्या फळ्यांवर, जमिनीपासून दोन-तीन मीटर उंच उभे राहून, बारीक झालेल्या भागावर करवत चालवत. खाली राहिलेला अजस्र बुंधा तसाच सोडून दिला जाई. त्या बुंध्यांवरच्या त्या खाचा उत्तरेकडच्या जंगलांत आजही पाहायला मिळतात. बुंध्याकडचे जड ओंडके नदीत बुडून तळाशी गेले, तर तेही कोणी फारसे शोधत नसे.

शिवाय रेडवूडच्या बुंध्यापाशी मोठमोठ्या गाठी येतात. त्यांच्या आत असंख्य सुप्त कळ्या असतात. झाड पडले, जळले किंवा तुटले तर त्या कळ्यांतून नवे धुमारे फुटतात. या कळ्यांमुळे गाठीचे लाकूड कापल्यावर त्यात भोवरे आणि ठिपके उमटतात. त्याला कारागीर आज सोन्याच्या भावाने विकत घेतो, पण रंध्याला ते नकोसे असते, कारण रेषा कोणत्याच एका दिशेने जात नसल्याने पाते लाकूड उपसून काढते. म्हणजे गिरणीच्या हिशेबात गाठ हा दोषच.

दुसरा स्रोत समुद्र. ईल, क्लॅमथ यांसारख्या नद्या पावसाळ्यात उन्मळून पडलेली झाडे आणि तोडीचा उरलेला माल समुद्रात नेतात आणि लाटा तो किनाऱ्यावर परत फेकतात. डिसेंबर १९६४ च्या महापुरानंतर तर उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर ओंडक्यांचे अक्षरशः ढीग लागले होते. हे लाकूड फुकट मिळते, पण ते वापरणे सोपे नाही. फटींत रुतलेली वाळू करवतीची धार घालवते. आत मुरलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते, त्यामुळे लाकूड नीट सुकायला फार वेळ लागतो. आणि लोखंडी खिळा मारला तर तो गंजतो, शिवाय रेडवूडमधील टॅनिनशी संयोग होऊन भोवती निळसर काळा डाग पडतो. ‘निसर्गाने घडवलेली वस्तू, आम्ही फक्त उचलून आणली’ असे विक्रेते म्हणतात, तेव्हा या मधल्या कष्टांचा त्यांना सोयीस्कर विसर पडतो.

आता ब्लंककडे येऊ. त्यांचा जन्म १९२६ मध्ये कॅन्सस राज्यात झाला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरा अँड्रेसन यांच्याकडे ते कुंभारकाम शिकले आणि मग सैन्यात भरती होऊन कोरियाच्या युद्धात गेले. तेथून ते जपानला पोहोचले. १९५२ मध्ये टोकियोतील लोककलेच्या वस्तूंच्या एका दुकानात त्यांची गाठ शिल्पकार इसामू नोगुची यांच्याशी पडली, आणि त्या ओळखीतून त्यांना आधी कुंभारकलावंत किताओजी रोसान्जिन आणि नंतर बिझेनचे कुंभार कानेशिगे तोयो यांच्याकडे उमेदवारी करता आली. बिझेनच्या भांड्यांना वरून चकाकी देत नाहीत. लाकडाच्या भट्टीतली राख आणि ज्वाळा भांड्यावर जे काही उमटवतील तेच त्याचे रूप. ब्लंक यांच्या लाकडी कामात पुढे जी वृत्ती दिसते, लाकडाची भेग, पोकळी, जळका भाग लपवायचा नाही ही, तिचे मूळ मला या भट्टीत दिसते. अमेरिकेतील जंगलाचे प्रेम वगैरे कारणे नंतरची.

१९५४ मध्ये ते कॅलिफोर्नियाला परतले. अतिवास्तववादी चित्रकार गॉर्डन ऑन्स्लो फोर्ड यांचे टोमालेस खाडीकाठच्या इन्व्हर्नेस गावाच्या टेकडीवर घर बांधले जात होते. त्या कामात ब्लंक यांनी हातभार लावला आणि ऑन्स्लो फोर्ड यांनी त्यांना आपल्या जमिनीतला एक तुकडा घर बांधायला दिला. पैसा जवळजवळ नव्हता. ब्लंक आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी किनाऱ्यावर वाहून आलेल्या तुळया आणि मोडून टाकलेल्या बांधकामांचे लाकूड गोळा करून ते घर १९६२ च्या सुमारास पुरे केले. न्हाणीघरातले बेसिनसुद्धा त्यांनी सायप्रसच्या एका ठोकळ्यातून कोरले. हे संपूर्ण घर म्हणजे एक मोठे शिल्पच आहे, असे ब्लंक मानत. आजच्या भाषेत त्याला ‘पुनर्वापर’ म्हटले जाईल, पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत असा कोणताही खेडूत सुतार हेच करतो. फरक इतकाच की ब्लंक यांनी ते करताना डोळे उघडे ठेवले.

घर बांधताना हातात आलेला चेनसॉ त्यांनी मग शिल्पासाठी वापरायला सुरुवात केली. तोडणाऱ्यांनी मागे सोडलेले रेडवूडचे बुंधे आणि गाठी त्यांना मिळत, आणि त्यांच्या मापाचे लाकूड गिरणीतून कधीच मिळाले नसते. पद्धत सरळ होती: ओंडका समोर ठेवायचा, पाहायचा, आणि नको ते कापून काढत जायचे. जोड नाही, सांधे नाहीत. खुर्ची, बाक, स्टूल आणि शिल्प यांच्यातली सीमा त्यांच्या हातून पुसली गेली. १९६९ मध्ये ओकलंड संग्रहालयासाठी त्यांनी केलेले ‘द प्लॅनेट’ हे काम रेडवूडच्या एकाच गाठीचे असून त्याचा व्यास सुमारे चार मीटर आहे. लोक त्यावर बसतात, मुले चढतात. ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी या परंपरेच्या विरुद्धच आहे, आणि म्हणून ही वस्तू गॅलरीत बंदिस्त करणे मला नेहमीच थोडे अवघड वाटते. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटरने फोर्ट मेसन येथे, लष्कराच्या एका जुन्या गोदामात, ‘ग्रीन्स’ हे शाकाहारी उपाहारगृह उघडले. तेथे प्रवेश केल्यावर समोर दिसते ते ब्लंक यांचे रेडवूडचे प्रचंड आसनशिल्प, आणि जेवायला येणारे लोक टेबल मिळेपर्यंत त्यावरच टेकतात.

याच सुमारास रेडवूडच्या प्रदेशातून जाणाऱ्या महामार्ग १०१ वर गाठीच्या लाकडाची दुकानेही चालत. त्यांत गाठीच्या कापाची घड्याळे, कडा न तासलेली टेबले आणि वर बोटभर जाड रेझिनचा थर असा माल असे. मला हे काम आवडत नाही, हे मोकळेपणाने सांगतो. तो थर लाकडाला काचेत घालून ठेवतो आणि रेडवूडचा ऊबदार स्पर्शच नाहीसा करतो. तरीही या दुकानांना हसण्यात अर्थ नाही. गिरण्या बंद पडू लागलेल्या गावांत अनेकांना त्यांनीच रोजगार दिला, आणि पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये आज जी रेझिन ओतलेली टेबले मिरवतात, त्यांचा एक पूर्वज या रस्त्यावरच सापडतो. दुसरा पूर्वज म्हणजे जॉर्ज नाकाशिमा. हे जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर १९३० च्या दशकात पॉण्डिचेरीच्या अरविंद आश्रमात ‘गोलकोंड’ या वास्तूच्या कामावर होते, आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांच्या फर्निचरवर काम झाले. फळीची नैसर्गिक कड राखायची, तडा गेला तर फुलपाखराच्या आकाराची खुंटी बसवून तो सांधायचा, ही त्यांची शिस्त ब्लंक यांच्या मोकळ्या कोरणीपेक्षा वेगळी होती, पण दोघांचाही आदर लाकडाच्या दोषालाच होता.

पण या आदराने बाजारात दोषाची किंमत वाढवली. १९६८ मध्ये रेडवूड राष्ट्रीय उद्यान झाले, १९७८ मध्ये त्याचा विस्तार झाला, जुन्या झाडांची तोड आवळत गेली आणि मोकळे पडलेले बुंधे संपत आले. मग चोर जिवंत झाडांकडे वळले. रात्री उद्यानात शिरायचे आणि शेकडो वर्षांच्या झाडाची गाठ चेनसॉने कापून न्यायची, असे प्रकार इतके वाढले की मार्च २०१४ पासून उद्यानातून जाणारा न्यूटन ड्रुरी मार्ग रात्री बंद ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला. गाठ गेल्याने झाड लगेच मरत नाही. परंतु साल निघून गाभा उघडा पडतो, किडीला आणि रोगाला वाट मिळते, आणि पुन्हा फुटण्यासाठी राखलेल्या कळ्यांचा साठाही जातो. पाण्यात पडलेल्या ओंडक्यांबद्दलही दृष्टी पालटली. पूर्वी ओढ्यानाल्यांतील मोठी लाकडे अडथळा म्हणून सरकारी खर्चाने काढली जात. नंतर लक्षात आले की सॅमन माशांना आसरा देणारे डोह त्याच लाकडांमुळे तयार होतात, आणि आता काही ठिकाणी मुद्दाम ओंडके आणून टाकले जातात. टाकाऊ असे ज्याला म्हटले जात होते, त्याचा मालक आधीच कोणीतरी होता, असेच यातून निघाले.

ब्लंक २००२ मध्ये वारले. त्यांचे घर त्यानंतर काही वर्षे कलाकारांना राहून काम करण्यासाठी दिले जात होते; त्यांची कन्या मारिया नील्सन या ती वास्तू आणि तो संग्रह सांभाळतात, आणि गॅलरीही त्यांनीच उभी केली. नव्या पिढीच्या कारागिरांपुढे मात्र अडचण आहे ती मालाची. तोडीनंतर दुसऱ्यांदा वाढलेल्या रेडवूडची वर्तुळे रुंद, लाकूड जास्त मऊ आणि बाहेरच्या फिकट भागाचे प्रमाण मोठे असते. चार मीटरचे आसन एका तुकड्यात कोरता येईल असा बुंधा त्यात नसतो. त्यामुळे आज कोणी प्रामाणिकपणे काम करायचे म्हटले, तर पाडलेल्या कोठारांच्या तुळया, जुन्या मद्यपिंपांच्या फळ्या आणि नदीतळातून काढलेले ओंडके हाच माल उरतो. तो फळीच्या मापाचा असतो, म्हणून ब्लंक यांनी ज्यांना फाटा दिला होता ते सांधे, कुसू आणि खुंट्या या नव्या फर्निचरमध्ये परत आल्या आहेत.