दिवाळीतला किल्ला आणि संगणकावरचा किल्ला

उपस्थित सातारकर बंधुभगिनींनो, व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी जे घडवले त्यावर हक्क कोणाचा, हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी आपल्या दिवाळीची आठवण काढायला हवी. ज्यांनी अंगणात पोती, विटा आणि तांबडी माती जमवून प्रतापगड उभा केला, उतारावर अळीव पेरले आणि महाराजांना कुठे बसवायचे यावरून भावंडांशी भांडण केले, त्यांना माझे निम्मे म्हणणे आधीच ठाऊक आहे.

माझ्या पुतण्याने मागच्या वर्षी माइनक्राफ्टमध्ये अजिंक्यताऱ्याचा महादरवाजा बांधायला घेतला. या खेळात सगळे काही ठोकळ्यांचे, आणि एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. चौकोनी ठोकळ्यांतून गोल बुरूज काढायचा कसा? त्याने वहीत चौकटी आखल्या आणि पहिल्या ओळीत तीन, मग पाच, मग तीन वेळा सात, पुन्हा पाच आणि शेवटी तीन अशी मांडणी केली. ती वही मी पाहिली आहे. खोडरबराने कागद दोन ठिकाणी फाटला होता. दरवाजाचा कोन पटेना, म्हणून तो चार रविवार गडावर जाऊन पावलांनी अंतर मोजून आला. भूमिती आणि इतिहास दोन्ही त्याने न सांगता केले.

आणि मग संगणक बिघडला. दुरुस्तीला दिला, तर दुकानदाराने काही न विचारता फॉरमॅट करून परत दिला. दोन महिन्यांचे काम गेले. विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, ‘गेमच तर होता.’ ते वाक्य मला आजही टोचते, कारण मुलाच्या चित्रांची वही हरवली असती, तर ‘कागदच तर होते’ असे कोणी म्हटले नसते. दिवाळीचा किल्ला आपण स्वतः मोडतो; हा दुसऱ्याने मोडला होता.

अशी वेडी कामे जगभर चालतात. १९९३ मधला डूम हा खेळ घ्या. त्याचा सोर्स कोड, म्हणजे खेळ ज्यातून बनतो ते मूळ प्रोग्रामचे लिखाण, १९९७ मध्ये खुला झाला आणि लोकांनी तो सापडेल त्या यंत्रावर चालवायचा छंदच लावून घेतला. २०२० मध्ये तर तो गर्भचाचणीच्या पट्टीच्या इवल्याशा कवचात दिसला. आतला पडदा आणि प्रोसेसर बदललेले होते हे मान्य, पण तेवढ्या जागेत ते बसवणे हीच कारागिरी आहे. २०२० मध्येच सुरू झालेल्या ‘बिल्ड द अर्थ’ या उपक्रमात तर हजारो जण माइनक्राफ्टमध्ये अख्खी पृथ्वी मूळ मापाने बांधायला बसले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो. कायद्याने खेळ कंपनीचा असतो, हे मला मान्य आहे. पण त्या हक्काचा वापर दोन प्रकारे होतो. हाफ-लाइफ या खेळावर चाहत्यांनी केलेला मॉड (मूळ खेळात बदल करून घडवलेला नवा खेळ), म्हणजे काउंटर-स्ट्राइक, मूळ कंपनीने आपलासा केला आणि २००० मध्ये बाजारात आणला. सेगा या कंपनीने आपल्या सॉनिक या खेळाच्या चाहत्यांनाच हाताशी धरले आणि २०१७ मध्ये सॉनिक मेनिया काढला. उलट मेट्रॉइड २ हा जुना खेळ एका चाहत्याने अनेक वर्षे खपून नव्याने घडवला, ऑगस्ट २०१६ मध्ये फुकट वाटला, आणि काही दिवसांतच मूळ खेळाची मालक कंपनी निन्टेन्डो हिच्या तक्रारीमुळे त्याला तो मागे घ्यावा लागला. विक्री अडवण्याचा अधिकार कंपनीकडे राहू द्या, पण पैसे न घेता केलेल्या कामाची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवण्याची मुभा कायद्याने द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.

आपल्या मुलांच्या कामासाठी तर कायदा बदलण्याचीही वाट पाहायला नको. ग्रंथालयाच्या चालकांना विनंती आहे की, दिवाळी अंकांच्या कपाटाशेजारी एक हार्ड डिस्क ठेवावी आणि मुलांनी बांधलेले किल्ले तारीख घालून तिच्यावर जपावेत. पुतण्याने महादरवाजा पुन्हा बांधला आहे, या वेळी डावा बुरूजही पूर्ण झाला आहे. त्याची प्रत मी आज सोबत आणली आहे.