हळदीच्या नोंदी आणि कॅपिटल-स्मॉलचा घोळ

सांगलीचं मार्केट यार्ड. बाहेर हळदीचे सौदे सुरू आहेत. आपण थांबलो आहोत एका अडत दुकानातल्या संगणकापाशी.

इथे प्रत्येक लॉटची नोंद पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमध्ये जेसनबी स्वरूपात, म्हणजे 'नाव आणि किंमत' अशा मोकळ्या जोड्यांत, ठेवली जाते. एका लॉटसोबत ओलावा लिहिलेला असतो, दुसऱ्यासोबत नुसतं गाव. ठरावीक रकाने पुरत नाहीत. जेसनबी 2014 च्या 9.4 आवृत्तीत आलं आणि त्यावर जिन इंडेक्सही, म्हणजे आतले शब्द पटकन शोधून देणारी सूचीही, बांधता येतो.

नोंदी मात्र रोमन लिपीत. कुणी 'राजापुरी' हे वाणाचं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये लिहितं, कुणी पहिलंच अक्षर कॅपिटल करतं. जिन इंडेक्सला हे दोन वेगळे शब्द. शोधलं की काही लॉट सापडतात, काही गळतात, आणि स्क्रीनवर चूक म्हणून काहीच दिसत नाही. हे गंभीर आहे. शेतकऱ्याची पट्टी याच नोंदींवरून निघते.

कॅपिटल-स्मॉल न बघता शोधणारं आय-लाइक (ILIKE) वापरलं तर उत्तर बरोबर येतं, पण साधा इंडेक्स कामी येत नाही; अख्खं टेबल वाचलं जातं.

यावर उपाय एक्स्प्रेशन इंडेक्सचा, म्हणजे मूळ किमतीऐवजी तिच्यावर प्रक्रिया करून आलेल्या किमतीवर बांधलेल्या इंडेक्सचा. दुहेरी बाणाने (->>) वाणाचं नाव मजकूर म्हणून काढायचं, लोअर फंक्शनने स्मॉल करायचं आणि त्यावर बी-ट्री, म्हणजे नेहमीचा क्रमवार इंडेक्स बांधायचा. एकेरी बाण (->) जेसनच परत देतो, त्यावर लोअर चालत नाही. क्वेरीतही, म्हणजे शोधाच्या आज्ञेतही, तंतोतंत हेच एक्स्प्रेशन हवं, आणि शोधायचा शब्दही स्मॉल केलेला.

एका पावतीत लॉटची यादी असेल, तर हा इंडेक्स अपुरा पडतो; तो ओळीमागे एकच किंमत धरतो. अशा वेळी लॉटचं वेगळं टेबल करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज विचारली जाणारी गोष्ट जेसनमध्ये कोंडू नये.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून मराठी नोंदी सुटल्या असं वाटतं. पण 'कऱ्हाड' टाइप करून पाहा. एका कीबोर्डवर त्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर साठतं, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही, डेटाबेसला कळतो. लोअर इथे निरुपयोगी. युनिकोडची रूपं जुळवणारं नॉर्मलाइझ फंक्शनही हा फरक मिटवत नाही. रिप्लेसने एक रूप दुसऱ्यात बदलायचं, आणि तेही इंडेक्सच्या एक्स्प्रेशनमध्येच घालायचं.

मग डेटाबेस क्वेरी कशी चालवणार हे दाखवणारं एक्स्प्लेन चालवून पाहायचं. टेबल लहान असेल तर सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्ख्या टेबलचं वाचन, दिसेल, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मोठ्या टेबलवर मोजके लॉट शोधतानाही तोच दिसला, तर क्वेरी आणि इंडेक्सची एक्स्प्रेशनं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत.