घोंगडं, ट्रंक आणि कसर

श्रोतेहो, नमस्कार.

होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणत आपण पांघरुणं आवरायला घेतो. शाली, स्वेटर, रग, घोंगडी, सगळ्यांच्या घड्या होतात, दिवाणात नाहीतर ट्रंकेत जातात. चार डांबरगोळ्या टाकल्या की काम संपलं. मीही अगदी असंच केलं होतं. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या जत्रेतून आजोबांनी आणलेलं काळं घोंगडं ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि दोन वर्षं विसरून गेलो. काढलं तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं, मध्ये मध्ये रेशमासारखे पांढरे धागे आणि तळाला काळी बारीक रवाळ धूळ. ती धूळ म्हणजे अळीची विष्ठा. खाल्लेल्या लोकरीचा रंग तिच्यात तसाच उतरतो, म्हणून ती काळी.

कसर लागली होती. आपल्या भाषेत कसर म्हणजे उणीवही, आणि हा किडा करतो तेही तेच.

लोकरीत उडणारा तो फिकट सोनेरी पतंग जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा असतो. पण त्याला टाळी वाजवून मारण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो काही खातच नाही. शिवाय भिरभिरताना दिसतात ते बहुतेक नर. मादी अंधारात घडीमध्ये सरपटत असते आणि तिथेच चाळीस-पन्नास अंडी घालते. खाते ती अळी. लोकर म्हणजे केराटिन, म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे बनलेत तेच द्रव्य. ते पचवणारे जीव फार थोडे, त्यांतली ही एक. म्हणूनच सुती गोधडीकडे ती सहसा ढुंकूनही पाहत नाही. घराच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी ओढत चालणारी अळी तुम्ही पाहिली असेल, तीही याच कुळातली.

या अळीला उजेड सोसत नाही, हालचाल सोसत नाही. आणि नुसत्या स्वच्छ लोकरीवर तिचं नीट भागतही नाही. घाम, तेलकट डाग, सांडलेलं दूध असं काहीतरी तिला सोबत लागतं. एका घोंगडी विणणाऱ्या म्हाताऱ्याला मी माझं फाटकं घोंगडं दाखवलं, तर त्यांनी भोकांकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "पेटीत कशाला घातलं होतंस?" मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं रोज झटकलं जातं, उन्हात पडतं, रात्री अंगावर येतं. कसर बसणार कधी?

आपण तसं हिंडत नाही, त्यामुळे ठेवावं तर लागणारच. पण आधी धुवा. थंड पाण्यात, रिठ्याने, न पिळता. गरम पाण्यात चोळलं तर लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. आणि मग वाळवा, खरोखर वाळवा. भिजत घोंगडं हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने नक्कीच घोंगडं धुतलं असणार, कारण दोन-दोन दिवस ते आतून ओलंच राहतं. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर टाका, दुपारी उलटा, शिवणीत आणि किनारीत ब्रश फिरवा. अंडी आणि अळ्या तिथेच दडलेल्या असतात. नंतर सावलीत निवू द्या आणि मगच घडी करा. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा हेच.

लहान वस्तूंना, म्हणजे शाल, कानटोपी, बाळाचा स्वेटर यांना आणखी एक उपाय आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. उणे अठरा अंशांत अळी आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दव सुटून लोकर ओली होते.

आता डांबरगोळ्या. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून तळाला टाकून उपयोग नाही, कपड्यांच्या वर ठेवायला हव्यात. आणि झाकण घट्ट बसत नसेल तर किडा मरण्याइतकी वाफ आत साठतच नाही, नुसता वास घरभर. त्यात कापूरही घालणाऱ्यांनी जपावं. डांबरगोळीतलं नॅप्थलीन आणि कापूर एकमेकांना लागले की उन्हाळ्याच्या उष्म्यात पाझरू लागतात आणि शालीवर डाग पडतात. कडुलिंबाचा पाला, वेखंड हे जुने उपाय करायला हरकत नाही. पण मळकट घडीत पाला ठेवून निश्चिंत झालात, तर कसर पाल्याशेजारी बसून जेवेल.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. डांबरगोळ्यांत ठेवलेलं ब्लँकेट काढून थेट तान्ह्या बाळाला गुंडाळू नका. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, कावीळ होते, जिवावरही बेततं. बाळंतिणीच्या खोलीत डांबरगोळीच नको. बाळाचं लोकरी सामान ठेवायचं तर धुऊन, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, गोळीशिवाय.

माझ्या घोंगड्याचं म्हणाल, तर भोकं मी स्वतःच रफू केली. काळी लोकर हाताशी नव्हती, घरात लाल होती, तीच वापरली. आता ते सोफ्याच्या पाठीवर टाकलेलं असतं, आणि आलेला प्रत्येक जण विचारतो की ही नक्षी कुठली.

नमस्कार.